सत्यभामा सिस्टरच्या टिकल्या

लोकं माह्या नणंदेले आता वेडी म्हणते. भाजीवाली म्हणते, शेजारीण म्हणते, परवा तर सख्ख्या मावसभावानं तोंडावर म्हटलं. काहून, तर ती तात्यापारा मोहल्ल्यातल्या औषधाच्या दुकानापुढे उभी राहते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातली गोळ्यायची पुडी घेऊन त्याच्यावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवते. अनोळखी माणसाले. कोणी हसते, कोणी पुडी हिसकून घेते. पण वेडी नाही ती. बत्तीस वर्षं झाली मले ह्या घरची सून होऊन. मले नाही माहीत तर कोणाले माहीत राहीन?

सत्यभामा तिचं नाव. मी वनमाला, तिची वहिनी. रायपूरच्या डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मागे आमचं घर. सासरे भंडाऱ्याकडून इकडे आले, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस होते. माह्यावाले धर्मपाल, ते बी तिथंच फिटर होते, आता रिटायर. मी लग्न होऊन आली तेव्हा सत्यभामा बारावीत होती, दोन वेण्या घालून भिंतीकडे तोंड करून पाठांतर करे. पुढं नर्स झाली.

आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली जागा एकाच वस्तूले भेटते, शिकल्याच्या कागदाले. तिथं धर्मपालचं आयटीआय लटकते, त्याच्या बाजूले सत्यभामाचा नर्सिंगचा डिप्लोमा, अन् त्याच्याही बाजूले बीएस्सी नर्सिंगची पदवी. ती पदवी तिनं छत्तिसाव्या वर्षी घेतली, वीस-वीस वर्षाच्या पोट्ट्यायसंग बाकावर बसून. मी लय चिडवलं तेव्हा. म्हटलं, सुई टोचाले पदवी काहून लागते वं बाई, सुई बी तेच अन् ढुंगण बी तेच. ती म्हणे, परदेशात मोठा अभ्यास झाला, ज्या दवाखान्यात पदवीवाल्या नर्सा जास्त तिथं ऑपरेशनचे पेशंट कमी मरते. मी म्हटलं, तिथल्या सुया बी चांगल्या असन. मंग तिनं हातातली पोळी ताटात ठेवली.

"हात सगळ्यायचेच चालते, वहिनी," ती म्हणे. "पण कुठं थांबाचं, हे शिकल्याशिवाय समजत नाही."

मी ह्या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून देलं.

ज्या नर्सिंग होममध्ये ती लागली त्याचं नाव मी घेत नाही, घेतलं तर अजून एक नोटीस येईन घरी. तीस खाटांचं होतं. ती लागली तेव्हा तिथं तिच्यासंग डिप्लोमावाल्या चार नर्सा होत्या. एक आखाती देशात गेली, एकीचं लग्न झालं, दोघी सरकारी नोकरीत लागल्या. त्यायच्या जागी डॉक्टरनं नर्स म्हणून कोणालेच नाही घेतलं. आरंग, अभनपूर, तिकडल्या खेड्यातल्या पोट्ट्या आणल्या, आठवी-दहावीवाल्या, अन् त्यायले पांढरा ड्रेस घालून देला. पांढरा ड्रेस घातला की पेशंट सिस्टरच म्हणते. पेशंट काय कागद पाहून राहिला? डॉक्टरचं एकच म्हणणं, सत्यभामा दीदी आहे, ती शिकवीन.

तिनं शिकवलं बी. वाईट नव्हत्या त्या पोट्ट्या, उलट जीव तोडून करे. त्यायच्यात रीना म्हणून एक होती, आठवी झालेली, आरंगकडची. सत्यभामा सांगे, हिच्याइतका हलका हात माह्या वर्गात कोणाचा नव्हता, लेकरू सुद्धा रडत नाही. पण औषधाच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजी रीनाले वाचता येत नव्हतं. एक दिवस तिनं भलतंच औषध सुईत भरलं होतं. सत्यभामाची नजर गेली म्हणून बरं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवलीच नाही. डॉक्टरसंग भांडून आली होती, मले दोन शिकलेल्या नर्सा द्या म्हणून. डॉक्टर म्हणे, अगले महीने. तो पुढचा महिना काही आला नाही.

मी म्हटलं, सोड तो दवाखाना, सरकारीत अर्ज टाक. ती म्हणे, मी गेली तर त्या पोट्ट्यायले थांबवीन कोण?

मंग एका रविवारी माह्या आरशाच्या फळीवरून टिकल्यायची पाकिटं गायब. मी घर डोक्यावर घेतलं. पाहते तर काय, बाई आंगणात प्लास्टिकचा खणाखणांचा डबा घेऊन बसली, अन् एका-एका खणाले टिकली चिकटवून राहिली. हिरवी टिकली उलटीच्या औषधाले. पिवळी दुखण्याच्या. निळी म्हणजे पाणी. पावडरचं औषध येते ना, ते विरघळवाचं पाणी. अन् लाल टिकली पोटॅशियमले. ते सलाईनच्या बाटलीत टाकून थेंबा-थेंबानं गेलं तर औषध, अन् सरळ नसेत गेलं तर हृदय जाग्यावर बंद. रीनाले तिनं घोकून घेतलं होतं: लाल को हाथ नहीं लगाना, लाल मतलब मुझे बुलाना.

मले कौतुक वाटलं, खोटं काहून बोलू. पुढच्या खेपा टिकल्या मीच गोलबाजारातून आणून देल्या, चांगल्या गोंदाच्या पाहून.

चार वर्षं एक चूक झाली नाही. एक बी नाही. दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन तो डबा पाहून गेले. अन् घोडं इथंच पेंड खाऊन राहिलं होतं, आम्हाले दिसलं नाही. सत्यभामानं पुन्हा शिकलेली नर्स मागितली तेव्हा डॉक्टर हसला. म्हणे, दीदी, आपने टिकली लगा दी, अब डिग्री का क्या काम? तिनं घरी येऊन सांगितलं तर मी बी हसली. ती हसली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणते ते हेच, पण मले तेव्हा कुठली अक्कल.

आता तपासणीचं सांगते. वर्षातून एकदा वरून साहेब लोकं येत, दवाखान्यात नर्सा किती, शिकलेल्या किती, ते पाहाले. त्या दिवशी सकाळी एक गाडी भरून पाच बाया येत. त्यायच्या पदव्यायचे कागद दवाखान्यात फाइलीत लावलेले होते, हजेरीच्या रजिस्टरवर रोजचं नाव त्यायचंच, अन् पेशंटचं तोंड त्यायनं वर्षभर पाहिलं नसे. कडक इस्त्रीचा ड्रेस घालून समोरच्या हॉलमध्ये बसत. अन् खऱ्या काम करणाऱ्या पोट्ट्या मागच्या दरवाजातून बाहेर. सत्यभामाले हे माहीत होतं. पहिल्या वर्षी बोलली, मंग बोलणं सोडलं. हे बी सांगते मी, लपवून काय करू.

दोन वर्षांमागचा मे महिना. तपासणी अकरा वाजता होती. मॅनेजरचा हुकूम, सगळं घासून-पुसून चकचकीत करा, अन् मागच्या वार्डातले दहाचे इंजेक्शन लवकर आटपून निघा. रीनानं फरशी पुसली, खाटा पुसल्या, अन् मोठ्या भक्तीनं तो डबा बी साबणाच्या पाण्यानं धुतला. टिकल्या निघाल्या. तिनं एक-एक टिपून वाळवली अन् परत लावली. हिरवी, पिवळी, तिले पाठ होत्या, त्या बाटल्याच वेगळ्या दिसत. पण पाणी अन् पोटॅशियम, दोन्ही सारख्याच पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत, एकाच मापाच्या. कोणता खण निळा अन् कोणता लाल, तिले शंका आली.

शंका आली होती तिले! मले ह्याच गोष्टीचं सगळ्यात जास्त लागते. ती विचाराले निघाली बी होती. सत्यभामा समोर हॉलमध्ये रजिस्टर घेऊन उभी, साहेब लोकं वेळेआधीच येऊन गाडीतून उतरून राहिलेले. मॅनेजरनं रीनाले दारातच अडवलं, समोर यायचं नाही, कोणी पाहीन, मागच्या मागे जा. पाच पदव्या हॉलमध्ये सरबत पिऊन राहिल्या होत्या अन् आठवीवाल्या पोरीले एक प्रश्न विचाराची सोय नव्हती. ती परत गेली. अंदाजानं टिकल्या दाबल्या, अन् घाई होती म्हणून इंजेक्शन द्याले लागली.

पहिल्याच खाटेवर अनुश्री होती. ब्राह्मणपाऱ्यातली, चोवीस वर्षाची, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेली, दुसऱ्या दिवशी सुट्टी होणार होती. रीनानं निळ्या टिकलीच्या खणातून बाटली काढली, पावडर विरघळवली, अन् त्या हलक्या हातानं नसेत देली. त्या निळ्या टिकलीखाली पोटॅशियम होतं.

सत्यभामाले ओरडणं ऐकू आलं तशी ती रजिस्टर फेकून पळाली. खाटेजवळची रिकामी बाटली पाहिली अन् तिले सगळं समजलं. छाती दाबत राहिली, डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, शॉक झाले. पाऊण तास. ती पोरगी नाही परतली. रीना कोपऱ्यात उभी राहून एकच म्हणत होती, "टिकली धोए म निकल गे रिहिस, मैडम." धुतानी टिकली निघाली होती, एवढंच ते तिचं म्हणणं. साहेब लोकायनं समोरचा हॉल पाहून तपासणी पूर्ण केली अन् गेले.

डॉक्टरनं कागदावर लिहिलं, हृदय बंद पडून मृत्यू. सत्यभामाची सही घेतली. तिनं केली सही. हृदय बंद पडलंच होतं, खोटं काय होतं त्याच्यात? असं मीच तिले म्हटलं. तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली, तशीच, पाठांतराले बसे तशी. तिनं तोंड उघडलं तर तिची नोंदणी जाणार, आयुष्यभराचं सिस्टर हे नाव जाणार, हे आम्हाले दोघीयले माहीत होतं. मी पाया पडली तिच्या, वहिनी असून. म्हटलं, तोंड शिवून बस, पोरगी तर गेली, आता तू काहून सरणावर चढतं? चौथ्या दिवशी सकाळी पांढरी साडी नेसली अन् मले म्हणे, चाल.

ब्राह्मणपाऱ्यात गेलो आम्ही. अनुश्रीची आई, विजयाबाई, समोरच्या खोलीत बसली होती, अनुश्रीची दवाखान्यातली पिशवी अजून तशीच खुंटीले. सत्यभामानं सगळं सांगितलं. रीना, टिकल्या, सही, सगळं. काही लपवलं नाही, आवाज बी हलला नाही तिचा. मले वाटलं, बाई आता अंगावर धावून येईन, शिव्या देईन. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण तुम्ही तर शिकलेल्या होत्या ना?" विजयाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे बघून मी निर्धास्त पाणी भरायला गेले होते."

येतानी ऑटोत सत्यभामानं माहा हात धरला होता, लहान लेकरावाणी. घरी येईपर्यंत सोडला नाही.

विजयाबाईनं तक्रार केली, चौकशी बसली. सत्यभामानं तिथंही तेच सांगितलं. पद्धत माही, पोट्टीचा दोष नाही, तिले शिकवल्याशिवाय काम देलं हा दोष. तर साहेबानं रजिस्टर उघडलं. रजिस्टरप्रमाणे रीना नावाची कोणी बाई त्या दवाखान्यात कधी नव्हतीच. सहा शिकलेल्या नर्सा कामावर होत्या, त्यातल्या पाच तपासणीच्या वेळेस समोर हजर, साहेब लोकायनं स्वतः मोजलेल्या. मागच्या वार्डात राहिली कोण? सत्यभामा. ती बी समोर हॉलमध्ये उभी होती, हे कोणी लिहिलंच नव्हतं. मंग इंजेक्शन देलं कोणी? ज्या तपासणीपायी पोरगी मेली, तीच तपासणी डॉक्टरची साक्षीदार झाली, बाप्पा. नोंदणी रद्द झाली सत्यभामाची, दवाखान्याले एक समज देऊन सोडलं. चोर सोडून संन्याशाले फाशी, मी म्हटलं.

"मी संन्याशी नाही, वहिनी," ती म्हणे. "डबा मीच बनवला."

रीना एकदा येऊन आमच्या पायरीवर बसली. सत्यभामानं तिले चहा देला, डोक्यावरून हात फिरवला. मंग समजलं, रीना धमतरीकडं कोण्या दुसऱ्या दवाखान्यात लागली. तिथं बी सिस्टरच.

घरी धर्मपालनं विचारलं, भिंतीवरचे तुझे कागद काढू का? ती म्हणे, राहू द्या. पण तिकडे पाहत नाही. तेव्हापासून तिचं ते वाचणं सुरू झालं. आधी मिठाच्या पुड्यावरचं नाव मोठ्यानं वाचे, मंग माह्या बीपीच्या गोळीवरचं, मंग औषधाच्या दुकानापुढे जाऊन लोकायचं. कोणी विचारलं, कोण आहे तुम्ही, तर म्हणते, कोणी नाही.

ह्या एप्रिलात मले ताप अन् उलट्या झाल्या. उभं राहवेना. धर्मपालनं मले गावाच्या दुसऱ्या टोकाले नव्या एका दवाखान्यात नेलं, मुद्दाम तिथं, जिथं सत्यभामाले कोणी ओळखत नाही. दुपारी ते जेवाले घरी गेले, सत्यभामा माह्या खाटेजवळ स्टुलावर बसली होती. बाकी बारा खाटा भरलेल्या. एक पोट्टी आली, एकोणीस-वीसची, कोवळी, पांढऱ्या ड्रेसवर नाव लावलेलं, निधी. तिच्या हातात खणाखणांचा डबा होता.

मले आधी वाटलं तापात दिसून राहिलं. हिरवी टिकली. पिवळी. निळी. अन् कोपऱ्यातल्या खणाले लाल.

सत्यभामानं विचारलं, ये किसने सिखाया? पोट्टी मोठ्या कौतुकानं सांगाले लागली.

"सब जगह यही चलता है, आंटी. कोई सत्यभामा मैडम थीं, उन्होंने निकाला. बहुत बड़ी नर्स थीं, बीएससी."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर सत्यभामा उभी होती, डबा तिच्या हातात, अन् ती नखानं टिकल्या काढून राहिली होती. लाल काढली. निळी काढली. हिरवी. डाव्या हातावर एकीखाली एक चिकटवत गेली. निधी पाहतच राहिली. मंग तिचे डोळे भरून आले. ओरडली नाही बिचारी, हळूच म्हणे, "आंटी, अब बाकी बारह लोगों को मैं कैसे दूँगी?"

वार्डात दुसरी सिस्टर नव्हती. डॉक्टर तीन वाजता येणार होते. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कण्हून राहिला होता, त्याचं इंजेक्शन राहिलं होतं. मले मनातून वाटे, फेक तो डबा, खिडकीतून फेक. अन् हे बी वाटे, की त्या म्हाताऱ्याचं काय मंग?

मंग तिनं एका-एका खणातून एक-एक बाटली काढली, खिडकीच्या उजेडात धरली, तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. अन् ज्या खणाची जी टिकली, ती त्या खणाले परत लावली. अंगठ्यानं दाबून, चांगली चिकटेपर्यंत. लाल सगळ्यात शेवटी.

"लाल को हाथ नहीं लगाना," ती निधीले म्हणाली. "लाल मतलब मुझे..."

तिथंच थांबली. तिले आता कोण बोलवीन? मंग म्हणे, किसी को बुलाना. निधीनं विचारलं, किसको? सत्यभामा स्टुलावर बसली अन् तिनं माह्या पायावरची चादर सारखी केली.

निधीनं निळ्या खणातून बाटली काढली, अन् मी हात पुढं केला.